आधी नाव वाचावे, मग कॅमेरा उचलावा

मागील अंकात एका वाचकाला कॅमेऱ्याच्या भिंगाविषयी उत्तर देताना, मी गेली पंचवीस वर्षे जुन्या दफनभूम्यांची छायाचित्रे काढत आलो आहे, असा एका ओळीचा उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर जितकी पत्रे आली, तितकी भिंगावर आली नाहीत. काहींनी कुतूहलाने विचारले आहे, काहींनी रागाने. एका पत्रात तर ‘असल्या छंदापेक्षा पक्ष्यांचे फोटो काढावेत’ असा वडीलकीचा सल्लाही आहे. (पक्ष्यांचे फोटो मी काढतोच, जुन्या दफनभूम्यांत ते भरपूर असतात.) या वेळचे सदर त्याच पत्रांना दिले आहे. पत्रे लांब होती, म्हणून त्यांतील प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सकाळी फिरायला जाताना आमच्या छावणी भागातील जुन्या इंग्रज दफनभूमीत जातो आणि मोबाइलवर थडग्यांचे फोटो काढतो. सूनबाई म्हणते, लहान मुलांचे घर आहे, असले फोटो घरात नकोत. सौ. म्हणते, आल्याबरोबर आंघोळ करा. मी अंधश्रद्ध नाही, तरी मनात पाल चुकचुकली आहे. मृतांच्या जागी जाऊन असा छंद करणे हा त्यांचा अनादर आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आंघोळीबद्दल वाद घालू नये. जुन्या दफनभूमीत गवत कमरेइतके वाढलेले असते, डास असतात, पावसाळा सरल्यावर खाजकुयलीही असते; परतल्यावर आंघोळ केलेली बरीच. सूनबाईंचे म्हणणेही मी अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणार नाही. ज्यांच्याकडे दहनाची रीत आहे त्यांच्यासाठी मृताची जागा ही पुन्हा पुन्हा जाण्याची जागा नसते. आपण तिथे जातो ते खांदा द्यायला, आणि निघताना मागे वळून पाहू नये असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. तिथे बसून मनात जे वैराग्य दाटते त्यालाही आपण ‘स्मशानवैराग्य’ असे नाव देऊन ठेवले आहे, म्हणजे घरी येऊन चहा झाला की उतरणारे. मुंबईकरांनी तर स्मशानालाच ‘सोनापूर’ म्हटले. भाषेनेच जिथे पडदा ओढून घेतला आहे, तिथे कॅमेरा घेऊन जाणारा माणूस घरच्यांना विचित्र वाटला तर त्यात त्यांचा दोष नाही.

पण मृतांसाठी दगड उभा करणे ही काही साहेबाने आणलेली रीत नव्हे. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराशी किंवा जुन्या शिवमंदिराच्या आवारात शेंदूर फासलेला एखादा वीरगळ तुम्ही पाहिलाच असेल. तो खालून वर वाचायचा असतो : तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र व सूर्य, म्हणजे ते दोघे आहेत तोवर ही आठवण राहावी. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे असलेल्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे; अभ्यासक तिचा संबंध तेराव्या शतकातील शिलाहार आणि यादव यांच्या संघर्षाशी जोडतात. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला एकच हात असतो. लिंगायत, नाथपंथी, गोसावी यांच्यात दफनाची आणि समाधीची रीत आजही आहे. मात्र एक गोष्ट वीरगळ पाहताना मला नेहमी खटकते. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. गावाला लढाई आठवत नाही आणि वीरही आठवत नाही. उरतो तो शेंदूर.

आणि कॅमेऱ्याचेच म्हणाल, तर महाराष्ट्रात काम केलेल्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक जण स्वतःच अशा एका दफनभूमीत विसावला आहे. मद्रासच्या फौजेतील मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. त्यांतील बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. लेण्यांची छायाचित्रेही त्यांनी काढली होती. १८७९ साली ते वारले आणि भुसावळला त्यांचे दफन झाले. त्यांची सहचरी पारो हिचे थडगे अजिंठा गावात आहे. त्यावर इंग्रजीत कोरले आहे ते एवढेच, की हे माझ्या प्रिय पारोच्या स्मरणार्थ असून ती १८५६ साली मे महिन्यात वारली. रंगवलेले कापड जळून गेले, पण त्या मजकुरामुळे दीडशेहून अधिक वर्षांनंतरही माणसे अजिंठ्यात उतरल्यावर लेण्यांआधी पारोची चौकशी करतात.

तेव्हा जाण्यात अनादर नाही. अनादर होतो तो दुसऱ्या मार्गाने, आणि तो मी स्वतः केला आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका आडगावच्या इंग्रज दफनभूमीत मला संगमरवराचा एक लहानसा देवदूत दिसला. त्याचा एक पंख तुटलेला होता आणि तुटलेल्या जागेवर मुंग्यांची रांग चालली होती. मी तो कृष्णधवल फितीवर टिपला, फोटो प्रदर्शनात लागला, लोकांनी वाहवा केली. समारोपाच्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, ‘हे थडगे कुणाचे?’ मला सांगता येईना. देवदूताच्या पायाशी मजकूर होता एवढे आठवत होते. तो मी वाचला नव्हता, आणि पंख उठून दिसावा म्हणून चौकटीबाहेरही ठेवला होता. दोन वर्षांनी मुद्दाम तिथे गेलो तेव्हा देवदूतही नव्हता आणि लादीही नव्हती. विटांचा चौथरा तेवढा होता. संगमरवराच्या लाद्यांना गिऱ्हाईक असते, हे रखवालदाराने मला समजुतीच्या सुरात सांगितले. म्हणजे ते नाव शेवटचे वाचू शकला असता असा माणूस कदाचित मी होतो, आणि मी मुंग्या पाहत बसलो.

तेव्हापासून एक नेम पाळतो : आधी नाव पूर्ण वाचायचे, शक्य तर हलक्या आवाजात उच्चारायचे, पहिला फोटो मजकुराचा काढायचा, आणि मग वाकलेला क्रूस, वड, ऊन, मुंग्या जे काय हवे ते. तुमच्या सूनबाईंना हे फोटो दाखवताना नुसती थडगी दाखवू नका. ‘हा तार खात्यातला माणूस, ही पटकीने गेलेली बाई, हे तिचे सहा महिन्यांचे मूल’ असे सांगून दाखवा. तरीही नको म्हणाल्या, तर फोटो तुमच्या कपाटात ठेवा. घर त्यांचेही आहे.

प्रश्न : मी छायाचित्रणाचा अभ्यासक्रम करते. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दोनदा जाऊन शे-दीडशे फोटो काढले. हिरवळ सुंदर, रांगा सुंदर, पण सगळे फोटो एकसारखे आणि निर्जीव आले आहेत. कुठे चुकते आहे? — एक विद्यार्थिनी, पिंपरी

उत्तर : एकसारखेपणा हा तिथला अपघात नाही, तो हेतू आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या कबरी सांभाळण्यासाठी १९१७ साली ब्रिटिश साम्राज्यात जो आयोग नेमला गेला (आजचा राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आयोग), त्याने ठरवले की हुद्दा, जात, पैसा काहीही असो, दगड सर्वांना सारखाच मिळेल. श्रीमंत घराण्यांना हे फारसे रुचले नव्हते. खडकीला दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिक आहेत, आणि १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातील सहाशेहून अधिक सैनिकांचे अवशेषही इथे आणून पुन्हा पुरले गेले. तुम्ही उभ्याने, रांगेच्या टोकाकडून फोटो काढले असणार. तिथून दगड म्हणजे नक्षी दिसते. नक्षीचा मोह एकदा पुरवून घ्यावा आणि मग खाली बसावे.

बसल्यावर काय दिसते ते सांगतो. वर पलटणीचे चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय. त्याखाली धर्माचे चिन्ह. आणि अगदी तळाशी, बहुधा फुलझाडांच्या पानांनी अर्धी झाकलेली, एक ओळ घरच्यांची. त्या ओळीला मर्यादा होती ६६ अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. पहिल्या महायुद्धानंतर तर तिच्यासाठी दर अक्षरामागे पैसेही आकारले जात होते. आपल्याकडे वर्तमानपत्रातील पुण्यस्मरणाची जाहिरात देताना ‘प्रेमळ’ ठेवू की ‘कष्टाळू’, दोन्हीचे पैसे होतात का, असा हिशेब घरात बसून केला जातो. तोच हिशेब एखाद्या आईने यॉर्कशायरमध्ये केलेला असतो आणि त्याचे उत्तर खडकीत तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर असते. तो मजकूर वाचण्यासाठी पान हलकेच बाजूला धरा, फोटो काढा, पान सोडून द्या. एका सकाळी मी तिथल्या माळ्याला बसकण मारून, लहान कातरीने दगडाच्या बुडाशी लागलेले गवत कापताना पाहिले. कातरीचे टोक शेवटच्या ओळीला लागू नये म्हणून त्याने डाव्या हाताची चार बोटे अक्षरांवर आडवी धरली होती. माझ्याकडे खडकीचा ठेवण्याजोगा फोटो तेवढा एक आहे.

ज्यांची ओळख पटली नाही अशांच्या दगडावर ‘देवाला ठाऊक असलेला’ या अर्थाचे शब्द असतात. ते रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवले. आपल्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या या लेखकाचा मुलगा १९१५ साली फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला आणि बापाच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही. हे ठाऊक असले की त्या तीन-चार शब्दांपुढे कॅमेरा धरताना हात थोडा वेगळा राहतो.

प्रश्न : कुठे परवानगी लागते, कुठे मनाई आहे, आणि काढलेले फोटो समाजमाध्यमांवर टाकावेत का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रत्येक दफनभूमीला कुणीतरी धनी असतो : चर्च, विश्वस्त मंडळ, महापालिका, छावणी मंडळ किंवा वर सांगितलेला आयोग. कार्यालय असेल तर तिथे, नसेल तर रखवालदाराला, आपण कोण आणि कशासाठी आलो हे आधी सांगावे. तिवई, दिवे, चित्रीकरण असले तर लेखी परवानगी घ्यावी. कब्रस्तानात विश्वस्तांना विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये, आणि कुठल्याही कबरीवर पाय पडणार नाही हे पाहून चालावे. यहुदी दफनभूमीत शनिवारी जाऊ नये, डोके झाकावे, आणि कबरीवर ठेवलेले लहान खडे कचरा समजून बाजूला सारू नयेत. आठवणीने येऊन गेलेल्या माणसाने ते ठेवलेले असतात. मलबार हिलच्या डुंगरवाडीचा विचारच सोडावा. ती पारशी समाजाची अंत्यविधीची खाजगी जागा आहे, आणि तिथे कॅमेरा बॅगेतून काढणेही गैर.

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी पाहायची असल्यास दिवस मोकळा ठेवून जा. १८६५ च्या सुमारास, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत ती सुरू झाली. बोरीबंदरचे स्थानक ज्यांनी उभारले ते वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० साली मुंबईतच वारले आणि तिथे आहेत. लाखो माणसे रोज ज्याच्या छपराखालून धावतात त्याच्या थडग्यापाशी मी दीड तास होतो. तेवढ्यात एक मांजर येऊन गेले.

एक पथ्य मात्र कुठेही मोडू नये. दफनविधी चालू असेल तर कॅमेरा बॅगेत आणि आपण फाटकाबाहेर. समाजमाध्यमांचे म्हणाल तर मी पन्नास वर्षांची रेघ ओढून घेतली आहे. त्याहून अलीकडच्या थडग्याचा मजकूर मी कुठेही प्रसिद्ध करत नाही, कारण त्या माणसाची मुले आपल्यातच वावरत असतात, आणि जन्मतारीख, आईचे नाव, गाव एवढे एका दगडावर सापडले तर त्याचा गैरवापर करणारेही असतात. आणि थडग्याला टेकून स्वतःचा फोटो काढणाऱ्यांबद्दल मला काही लिहायचे नाही.

प्रश्न : दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आम्ही वसईकर आमच्या माणसांच्या कबरी धुतो, झेंडूने सजवतो, मेणबत्त्या लावतो. गेली काही वर्षे संध्याकाळी अनोळखी फोटोग्राफर येतात. गेल्या वर्षी मी आईच्या कबरीपाशी रडत होते, आणि वर पाहिले तर समोर कॅमेरा होता. मी तुम्हा लोकांना विचारते, हे योग्य आहे का? — एक वाचक, वसई

उत्तर : नाही. तो छायाचित्रकार माझ्या ओळखीचा असो वा नसो, आमच्या जमातीच्या वतीने मी तुमची क्षमा मागतो. झेंडू आणि मेणबत्त्या फार मोहक दिसतात, आणि त्या मोहात समोरच्या बाईचे दुःख तिचे स्वतःचे आहे याचा विसर पडतो. पुढच्या वर्षी असे कुणी दिसले तर गप्प बसू नका. त्याला बोलावून फोटो पुसायला लावा, आणि तुमच्या धर्मगुरूंना सांगून फाटकावर तशी पाटी लावून घ्या. ज्याला खरेच ही परंपरा टिपायची आहे तो दुपारी येईल, कबर धुण्यासाठी पाण्याची बादली उचलून देईल, आणि विचारूनच कॅमेरा काढेल.

प्रश्न : आमच्या गावाजवळ बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजाची जुनी दफनभूमी आहे. दगडांवर हिब्रूखाली चक्क मराठी मजकूर आहे, पण अक्षरे झिजल्याने फोटोत काहीच उमटत नाही. एक जण म्हणतो खडू फासा, दुसरा म्हणतो पिठाने भरून काढा. काय करावे? — एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : खडूही नको आणि पीठही नको. खडू दगडाच्या छिद्रांत बसतो आणि निघता निघत नाही. पिठावर बुरशी धरते. दाढीचा फेस, तारेचा ब्रश आणि फरशी धुण्याचे आम्ल हे तर दगडाचे वैरी. दगडावर करड्या-हिरव्या चकत्या दिसतात ते दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याच गोतावळ्यातले. ते खरवडू नका. त्याच्याबरोबर अक्षराचा काठही निघून येतो. मऊ ब्रशने धूळ झाडावी, त्याहून पुढे जाऊ नये.

सारा खेळ उजेडाचा आहे. भर दुपारी किंवा समोरून फ्लॅश मारून फोटो काढला की उजेड अक्षराच्या खाचेत आणि बाहेर सारखाच पडतो आणि दगड कोरा दिसतो. उजेड दगडाला घासून, कडेने गेला पाहिजे. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर तो तसा मिळतो. दगडाचे तोंड उत्तरेकडे असेल तर ऊन तिथवर नीट पोहोचतच नाही. मग एक हातभर लांबीचा आरसा घेऊन सोबत्याला उन्हात उभे करा आणि कवडसा दगडाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेकडे सरपटेल असा धरायला सांगा. सोबती नसेल तर दिवेलागणीला जा, मोबाइल तिवईवर किंवा दोन विटांच्या आधाराने पक्का ठेवा आणि विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून चारी बाजूंनी एकेक फोटो काढा. डावीकडच्या उजेडात काना दिसतो, वरच्या उजेडात वेलांटी दिसते. चारही फोटो शेजारी ठेवले की शब्द जुळतो. संगमरवरावरची अक्षरे शिशाने भरलेली असतील आणि शिसे गळून पडले असेल, तरी निराश होऊ नका. ते धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोके मागे राहतात. अशाच तीन-चार भोकांवरून बोट फिरवून एकदा मी एक ‘पे’ शोधला, आणि त्याच्या पुढचे ‘णकर’ मग आपोआप वाचता आले.

त्या आडनावांकडे नीट पाहा. रोहेकर, पेणकर, किहीमकर : तुमच्याच जिल्ह्याचा नकाशा दगडांवर मांडलेला आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरा सांगते; तेल गाळण्याचा धंदा करून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. पुढे बहुतेक कुटुंबे मुंबईला आणि तिथून इस्रायलला गेली. आज तिथे कुणाचा तरी नातू हे मराठी अक्षर वाचता येत नसतानाही आजोबांचा दगड शोधत असेल. म्हणून मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवा. जुने अनुस्वार, जुनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, न कळलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, आणि दगड कितव्या रांगेत कितवा, हे लिहा. इंग्रज दफनभूम्यांसाठी असे काम १९७६ पासून दक्षिण आशियातील दफनभूम्यांची ब्रिटिश संघटना करते आणि तिचा दस्तऐवज ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेला आहे. मराठी दगडांचे काम तुमच्यासारख्या शेजाऱ्यांनाच करावे लागेल.

प्रश्न : न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मृतिस्थान पाहून आलो. फोटो काढले, पण ते कुणाला दाखवावेत असे वाटेना. परक्या भूमीत ती एकटी पडल्यासारखी वाटली. हे वाटणे बरोबर आहे का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : वाटण्याला बरोबर-चूक नसते, पण ‘परकी’ या शब्दाशी मी थांबलो. आनंदीबाई १८८७ साली पुण्यात वारल्या तेव्हा बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांच्या अस्थी ज्यांच्याकडे पाठवल्या गेल्या त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी त्या अमेरिकेत राहिल्या होत्या आणि त्यांना मावशी म्हणत होत्या. मावशींनी त्या अस्थी आपल्या घरच्या माणसांत, कुटुंबाच्याच जागेत ठेवल्या. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असे त्या दगडावर आहे. तेव्हा पुढच्या खेपेला एकट्या दगडाचा फोटो काढू नका. दोन पावले मागे सरा आणि शेजारची कार्पेंटरांची नावे चौकटीत घ्या. मग ती एकटी दिसणार नाही.

प्रश्न : वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. आम्हाला जवळ जाऊ दिले नाही. अस्थी भावाने नाशिकला नेल्या. मी तेव्हा स्वतः आजारी होते. घरात त्यांचा धड फोटोही नाही. ओळखपत्रावरचा मोठा करून भिंतीवर लावला आहे, त्यात ते त्यांच्यासारखे दिसत नाहीत. तुमची ती ओळ वाचून मनात आले, ज्यांच्याकडे कबर असते त्यांना जायला जागा तरी असते. आम्ही कुठे जायचे आणि कशाचा फोटो काढायचा? — एक वाचक, जळगाव

उत्तर : हे पत्र मी दोन दिवस टेबलावर ठेवले होते.

आधी भिंतीवरच्या फोटोचे. ओळखपत्रावरचा चेहरा हा सरकारसाठी केलेला चेहरा असतो; तो उतरवून ठेवायला हरकत नाही. मोबाइलवरच्या एखाद्या करामतीने त्याला हसवण्याच्या भरीला मात्र पडू नका. ते हसू त्यांचे नसेल आणि पुढे तेच आठवत राहील. त्याऐवजी नातेवाइकांच्या लग्नांचे अल्बम, कचेरीतल्या निरोपसमारंभाचे, सहलीचे गटफोटो धुंडाळा. पंगतीत वाढताना, मागच्या रांगेत कुणाच्या खांद्यावरून डोकावताना ते कुठेतरी सापडतील. चेहरा नखाएवढा असला तरी चालेल; कापून मोठा करू नका, आहे तसा, शेजारच्या माणसांसकट लावा. त्यांच्या हाताने झिजलेली खुर्चीची मूठ, चष्म्याचे घर, वीजबिलामागे त्यांनी मांडलेला हिशेब यांचे फोटो खिडकीच्या उजेडात आताच काढून ठेवा. वीजबिलावरची शाई फार काळ टिकत नाही.

आता जागेचे. आपल्याकडे नाव दगडावर कोरत नाहीत, पण ते लिहून ठेवण्याची सोय आपल्या पूर्वजांनी केलेली आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी असतात : गाव आणि आडनाव यांनुसार लावलेल्या वह्या, ज्यांत आलेल्या यजमानाचे नाव, त्याच्या बापाचे, आज्याचे, भावांचे, मुलांचे नाव आणि बहुधा खाली त्याची सही. जुनी पाने मोडीत असतात. अस्थी घेऊन गेलेल्या तुमच्या भावाला रामकुंडावर कुणीतरी गाव, आडनाव विचारले असेल. करोनाच्या त्या धांदलीत त्याने सही केली होती का, कोणत्या उपाध्यायांकडे केली, हे त्याला विचारा. केली नसेल तरी जुन्या नोंदी असतील. आणि तुमचे वडील कधीकाळी त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन तिथे गेले असतील, तर त्या वहीत त्यांच्या हातची अक्षरे आहेत. तरुण वयातली, बाप नुकताच गेलेल्या माणसाची.

नाशिकला जा. वही उघडल्यावर लगेच मोबाइल काढू नका. त्या पानांवर इतर घरांचीही नावे असतात आणि काही उपाध्याय म्हणूनच फोटोला नाही म्हणतात. आपल्याच नोंदीचा तेवढा काढते, असे सांगा. पान खिडकीकडे वळवा, फ्लॅश बंद ठेवा, शिवणीपाशी वही दाबून सपाट करू नका. कागद जुना असतो, तिथेच तुटतो. आधी वाचा, वडिलांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, जितके मागे जाता येईल तितके.

मग तुमचे नाव आहे का ते पाहा. मुलींची नावे अशा वह्यांत सहसा सापडत नाहीत. त्या सासरच्या नोंदीत जातात, तिथेही कुणाची तरी पत्नी म्हणून. उपाध्यायांना सांगा, वडिलांच्या नावाखाली माझे नाव लिहायचे आहे. थोडी कुरकूर झाली तरी बसून राहा. ते तुमच्या मुलांची नावे विचारतील, तीही सांगा. सही स्वतः करा, आणि शाई वाळल्यावर त्या पानाचा फोटो काढा.